पडवीतला स्टो

बकुळच्या पोटाचे टाके निघायला अजून सहा दिवस होते. सहा दिवसांत काय काय होऊ शकतं, ते समोरच्या खाटेकडे पाहिलं की शरयूला कळत होतं.

समोरच्या खाटेवर सरस्वती होती. किन्हवलीकडच्या खात्यापित्या कुणब्याच्या घरची सून. बेंबीजवळचा हर्निया कापून घ्यायला ती भादव्यात इथं आली होती, आठ दिवसांत परत जायचं म्हणून. तान्ही पोर जावेच्या मांडीवर टाकून आली होती. आता पौष चालू होता. कापणी झाली, झोडणी झाली, भात कणगीत गेलं. सरस्वतीची जखम मात्र वरून मिटायची, आतून फुटायची, पुन्हा मिटायची. तिकडे पोर शेळीच्या दुधावर वाढली आणि जावेला आई म्हणायला शिकली. नवरा दर बाजाराच्या दिवशी यायचा आणि खाटेपासून दोन हात लांब उभा राहून बोलायचा. वास येतो असं तो कधी म्हणाला नाही. सरस्वतीला ते न म्हणताच कळलं होतं.

"तुमच्या पोरीचं बरं होईल हां," ती शरयूला म्हणाली. "माझंपन आधी बरंच दिसत होतं."

ते ऐकल्यापासून शरयू सारखी बकुळच्या पट्टीकडे बघत होती.

खरं तर त्यांचा या दवाखान्याशी काही संबंध यायचं कारण नव्हतं. शरयूचा नवरा मुरबाडच्या शाळेत मास्तर. संक्रांतीला नणंदेकडे शहापूरला म्हणून ती पाच वर्षांच्या बकुळला घेऊन आली, आणि भोगीच्या दिवशी बाजरीच्या भाकरीचा पहिला तुकडा तोंडात घालतानाच पोर पोट धरून आडवी झाली. शेणव्याच्या रस्त्यावर एका ट्रस्टचा धर्मादाय दवाखाना होता. दर गुरुवारी कल्याणहून डॉक्टर सबनीस तिथं ऑपरेशनं करायला यायचे. दुसऱ्या दिवशी गुरुवारच होता. डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, म्हणाले, "अपेंडिक्स. आत्ता कापायचं, उद्या नाही." आणि कापलं. हात चांगला होता त्यांचा. सगळा तालुका तसं म्हणायचा. पण डॉक्टर संध्याकाळच्या गाडीनं कल्याणला परत गेले, आणि उरलेले सहा दिवस दवाखाना महिपतरावांचा होता.

महिपतराव म्हणजे ड्रेसर. पन्नाशीचा, धोतरावर खाकी कोट घालणारा, मिशीला रोज सकाळी खोबरेल लावणारा माणूस. वीस वर्षं तो जखमा बांधत होता. हात हलका, बोलणं जड.

शुक्रवारी सकाळी त्याची फेरी शरयूनं पहिल्यांदा पाहिली. आतल्या दालनात बायकांच्या आठ खाटा. तो चाकांची गाडी ढकलत आला, तशी गाडी कुरकुरली आणि बायकांनी आपापल्या चादरी सावरल्या. सुरुवात सरस्वतीपासून. ती सगळ्यांत जुनी, तेव्हा पहिला मान तिचा. गाडीवर काचेचा एक पेला, त्यात जंतू मारायच्या लायसोलचं पांढरट पाणी, पाण्यात एक चिमटा उभा. महिपतरावानं त्या चिमट्यानं सरस्वतीचं भिजलेलं गॉज उचललं, टाकलं, चिमटा पेल्यात एकदा बुचकळला आणि पुढच्या खाटेकडे गेला. तिथून तिसऱ्या. फेरी सुरू झाली तेव्हा पेल्यातलं पाणी ताकासारखं होतं. सातव्या खाटेपर्यंत ते चहासारखं झालं.

आठवी खाट बकुळची.

"हिचं पहिलं ड्रेसिंग उद्या," महिपतराव म्हणाला. "डॉक्टरांचा हुकूम आहे. एकदा बघायचं, मग गुरुवारपर्यंत हात लावायचा नाय. काय गो छकुले, रडनार नाय ना?"

बकुळनं मान हलवली. शरयूनं पेल्याकडे पाहिलं.

लग्नाआधी शरयूनं मुंबईला कॉलेजात सायन्स केलं होतं. त्यातलं पुष्कळसं चूल आणि पोर यांत वाहून गेलं होतं. पण एक गोष्ट बोटांना आठवत होती. प्रयोगशाळेत बाईंनी त्यांना काचेच्या बशीत, जंतू वाढवायच्या आगरवर, नुसतं बोट टेकवायला लावलं होतं. तिसऱ्या दिवशी त्या बशीत बोटाच्या आकाराची पिवळट बाग उगवली होती. आणि एका बशीतून दुसऱ्या बशीत जंतू न्यायची तार. ती प्रत्येक वेळी ज्योतीत लालभडक करायची. एकदा शरयू विसरली, तर बाईंनी तिच्या सगळ्या बश्या कचऱ्यात टाकल्या होत्या. "तुझं काम संपलं. आता तू फक्त घाण पसरवते आहेस," असं म्हणाल्या होत्या.

हे सगळं तिच्या डोक्यात फिरत होतं आणि तेवढ्यात बाहेरून स्टोला पंप मारल्याचा आवाज आला.

दालनाबाहेर लांबलचक पडवी होती. तिथं खाटा नव्हत्या, चटया होत्या. जंगलातली माणसं तिथं असायची. ठाकूर, कातकरी, कुणी डोंगरावरचे कोळी. पडवीत कोण आणि आत कोण, हे कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजही पडली नव्हती. शरयू खिडकीशी गेली. महिपतराव उकिडवा बसून स्टो पेटवत होता. स्टोवर अर्धा कापलेला रॉकेलचा डबा, डब्यात पाणी, पाण्यात दुसरा एक चिमटा आणि कात्री. पाणी खळखळून उकळलं तसं त्यानं चिमटा काढला, यमाजी नावाच्या कातकऱ्याच्या पायाचं फडकं बदललं. कुऱ्हाड लागून हाड उघडं पडलं होतं तो पाय. डॉक्टरांनी शिवला होता. मग चिमटा परत डब्यात. महिपतरावानं विडी पेटवली. विडी संपेपर्यंत डबा उकळत राहिला. विडीचं थोटूक अंगणात उडालं, चिमटा बाहेर आला आणि तो पुढच्या चटईकडे वळला. पुन्हा डबा. पुन्हा विडी.

इतकं चांगलं! मग हा माणूस आत असं का करतो?

ती पडवीत गेली. "महिपतराव, तुम्ही दर माणसागणिक चिमटा उकळता. फार चांगलं करता."

महिपतरावानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं त्याला शिवी दिली.

"चांगलं कसलं, मास्तरीनबाय! विटाळ हो. हा कातोडी. उंदीर खानारी जात. आनि ती बसलीये ना कोपऱ्यात, ती ठाकरीन. तिला कातोड्याला लावलेला चिमटा चालत नाय. पहिल्या दिवशी बोंब मारून दवाखाना डोक्यावर घेतला तिनं!"

कोपऱ्यातून जनाबाई म्हणाली, "मारीन नाय तं काय करीन? माझ्या पोटाला त्याच्या पायाचा चिमटा? मी काय वाटंवर पडल्ये काय रं? इस्तवातून काढ, मंग लाव."

"म्हादेव कोळी ठाकराचा घेत नाय, ठाकूर कातोड्याचा घेत नाय," महिपतराव म्हणाला. "आनि मला घरी जाऊन देवाला हात लावायचा असतो. म्हनून उकळतो. रोजच्या नऊ विड्या जातात माझ्या."

"मग आत का नाही उकळत?"

"आत?" त्याला प्रश्नच कळला नाही. "आत सगळी आपली मान्सं. पाटलीनबाय, सरस्वतीबाय, तुमी. कुनाचा कुनाला विटाळ?"

शरयू तिथंच उभी राहिली. मग ती पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेली आणि एकेका माणसाला विचारत गेली. काय कापलं, कधी कापलं, पू झाला का. नऊ माणसं. एक पोरगा सडलेलं बोट घेऊनच आला होता, तेवढा सोडला तर पू कुणाला नव्हता. जनाबाईच्या पोटातून तर नारळाएवढी गाठ काढली होती. तिनं लुगडं बाजूला करून दाखवलं. पोटभर लांब व्रण, कोरडा, शेतातल्या बांधासारखा.

"किती दिवस झाले, आजी?"

"दोन आठवडे झालं. उद्या-परवा जाईन. वाल काढायचंत."

आत सात बायका होत्या. पाच जणींना पू होता.

*

शनिवारी गाडी कुरकुरत आठव्या खाटेपाशी आली, तेव्हा शरयू गाडी आणि खाट यांच्या मध्ये उभी होती.

"महिपतराव, हा चिमटा उकळून आणा."

"लायसोलात आहे तो."

"त्या पेल्यात लायसोल किती आणि सरस्वतीबाईंचा पू किती, ते तुम्हीच बघा. एवढा एकदा उकळा. तुमची विडी मी आणून देते."

दालनात कुणीतरी हसलं. महिपतरावाचे कान लाल झाले.

"बाय, तुमी शिकलेल्या आहात, पन थोडा इचार करा. आतल्या बायांसाठी मी चिमटा उकळला, तर त्याचा अर्थ काय होतो? की मी हिला विटाळलेली समजतो. उद्या पाटलीनबाय ट्रस्टीला सांगतील, महिपतनं आमाला कातोड्यांत काढलं. वीस वर्षं नोकरी केली मी, अशी कुनाची बेअब्रू केली नाय. आनि रॉकेल? ट्रस्ट आठवड्याला दोन बाटल्या देतो. ते पडवीतच संपतं."

"मग पडवीतला चिमटा आणा."

आता कुणी हसलं नाही. सरस्वती कोपरावर उठून बसली होती. तिचा चेहरा पडला होता.

"बाय," ती म्हणाली, "मला लावलेला चिमटा तुमच्या पोरीला चालत नाय, आनि कातोड्याचा चालतो?"

जे खरं होतं ते या बाईच्या तोंडावर कसं सांगायचं? तुझ्या जखमेतून निघतं ते पुढच्या खाटेवर जातं, असं? पण खोटं सांगितलं असतं तर चिमटा आत्ता, या क्षणी, बकुळच्या पोटावर आला असता.

"नाही चालत, सरस्वतीबाई," ती म्हणाली. "आणि तुम्हालाही हा चालायला नको होता. भादव्यापासून."

मग तिनं वाकून बकुळला चादरीसकट उचललं. टाके ताणू नयेत म्हणून एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीखाली. पोर दोन्ही हातांनी गळ्याला बिलगली. दालनातून दारापर्यंत वीस पावलं होती. त्या वीस पावलांत कुणी तिला "थांब" म्हणालं नाही, आणि कुणी वाटही दिली नाही. गाडी तिनं पायानंच बाजूला सारली.

पडवीत जनाबाईनं आपली चटई ओढून घेतली. "ठेव हितं. ऊन येतं. कुनाची गो तू?"

"मुरबाडच्या मास्तरांची."

"आनि आत काय चावलं तुला?"

महिपतराव मागून आला होता. "बाय, हे बरं नाय. मी हा चिमटा तुमच्या पोरीला लावायचा नाय. मला पाप लागंल."

"तुमचं पाप मी घेते. डबा ठेवा स्टोवर."

"आनि मंग तोच चिमटा मना लावनार?" जनाबाई एकदम ताठ बसली. "ए बाय, तुझी पोर गोरी असंल, पन तिला लावलेला चिमटा उकळल्याबिगर माझ्याकडं यायचा नाय. सांगून ठेवत्ये. आतल्या मान्सांचं काय खरं नाय, मी खिडकीतून बघत्ये ना! सगळी कुजतात."

शरयूनं आयुष्यात इतकं शहाणं वाक्य ऐकलं नव्हतं. "उकळायचाच, आजी. हिच्याआधी पण आणि हिच्यानंतर पण."

"मंग बस."

महिपतरावानं स्टो पेटवला. विडी पेटवली. अर्धी झाली तशी तो उठायला लागला. शरयू म्हणाली, "पुरी होऊ द्या." तो बसला. मग बकुळच्या पोटावरची पट्टी निघाली. पाच काळे टाके, बाजूला जरासं लाल. महिपतरावानं नवं गॉज ठेवलं, पट्टी बांधली. बांधणी मात्र सुरेख केली. रागात होता तरी हात हलकाच होता त्याचा.

*

बातमी शहापूरला पोचायला दुपार झाली नाही. नणंदेकडून रोज डबा यायचा, तो संध्याकाळी आला नाही. निरोप आला: पडवीत बसून जेवणार असलीस, तर ते डबे आमच्या घरात परत घेता यायचे नाहीत. शरयूनं निरोप्याला सांगितलं, "बरं." आणि रिकाम्या पोटी बसली. जनाबाईनं तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे सरकवली.

"खात्येस का तुलापन उकळून देऊ?"

शरयू हसली आणि जेवली.

रविवारी मास्तर आले. उंच, सावकाश बोलणारा माणूस. पडवीच्या पायरीशी चपला काढून उभे राहिले, जणू कुणाच्या घरी आले आहेत.

"शरयू, ताईला सासरी तोंड वर करून बोलायची सोय राहिली नाही. तू सायन्स शिकलीस ते मला माहीत आहे. पण महिपतरावही वीस वर्षं..."

"अहो, एक काम करा," ती म्हणाली. "आत जा. दारातून डावीकडे पहिली खाट. सरस्वतीबाई आहेत. त्यांना फक्त बाळ कसं आहे ते विचारा. आणि मग बाहेर येऊन मला काय सांगायचं ते सांगा."

मास्तर गेले. बराच वेळ आले नाहीत. आले तेव्हा पायरीवर बसले आणि रुमालानं चष्मा पुसत राहिले. चष्मा स्वच्छच होता.

"बाळ तिला ओळखत नाही, म्हणाली," ते शेवटी म्हणाले.

जाताना मास्तरांनी बकुळच्या केसांवरून हात फिरवला. मग महिपतरावापाशी थांबून विचारलं, "आठवड्याला रॉकेल किती लागतं हो?" त्यानं हिशेबी नजरेनं पाहिलं.

सोमवारी दुपारी बकुळला ताप आला.

शंभर. मग एकशे एक. पोर लालबुंद होऊन पडली. गुरुवारपर्यंत पट्टी उघडायची नव्हती. पट्टीखाली काय चाललंय ते कुणालाच दिसत नव्हतं. महिपतराव एकदा येऊन गेला. "पडवीतलं वारं," एवढंच म्हणाला. खिडकीत सरस्वती उभी होती. तिचं जुनं वाक्य शरयूच्या कानात वाजतच होतं. माझंपन आधी बरंच दिसत होतं.

आणि जर मी चुकले असेन? आतल्या दोघींना पू नव्हता. बकुळ तिसरी झाली असती. मीच तिला उचललं, मीच टाके हलवले, चटईवर आणून टाकलं. कॉलेजातल्या एका बशीच्या आठवणीवर मी माझी पोर पणाला लावली का?

ती उठली. बकुळला परत आत न्यावं, महिपतरावाची माफी मागावी, असं क्षणभर तिच्या मनात आलंही. तेवढ्यात बकुळला शिंक आली. मग दुसरी. तिसरीला नाकातून धार लागली.

जनाबाई खो खो हसली. "आगो येडे, शेंबूड हाय तो! थंडीचं पडसं! माझ्या नातवंडांना बारा म्हैने असतं."

शरयू खाली बसली आणि पदरानं पोरीचं नाक पुसलं. पडसं होतं हे खरं. पण पट्टीखाली दुसरं काही नव्हतं, हे कोण सांगणार? तिनं बकुळचे हात पट्टीपासून लांब ठेवले, उन्हाबरोबर चटई सरकवत राहिली, दर दोन तासांनी ताप पाहिला, आणि कुणालाही पट्टीला हात लावू दिला नाही. स्वतःलाही नाही. ते सगळ्यांत अवघड होतं. बुधवारी ताप उतरला.

*

गुरुवारी डॉक्टर सबनीस टांग्यातून उतरले ते पडवीतच थबकले.

"ही मुलगी इथं कशी? कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्या," शरयू म्हणाली.

महिपतरावानं सगळं सांगितलं. नीट, क्रमानं, स्वतःच्या वीस वर्षांसकट. डॉक्टर हातमोज्यांची पिशवी धरून ऐकत होते. आतल्या बायका दाराशी आणि खिडक्यांशी जमल्या होत्या.

"हे बघा बाई," डॉक्टर म्हणाले, "आतल्या जखमा चिघळतात त्याला कारणं असतात. अशक्तपणा, घरून आणलेले कपडे, नातेवाइकांची गर्दी. थोडासा पू होणारच. आणि या लोकांशी तुलना करू नका. जंगलातली माणसं आहेत. कातडी जाड असते त्यांची, निसर्गानंच दिलेली."

"सरस्वतीबाई जन्मभर चिखलात लावणी करत आल्या. त्यांची कातडी पातळ?"

डॉक्टरांनी हातमोज्यांची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"ते राहू द्या," शरयू म्हणाली. "माझी मुलगी तर मास्तरांची आहे ना? पातळ कातडीची. सगळ्यांदेखत सोडा तिची पट्टी. पू असला तर मी इथून मुरबाडपर्यंत महिपतरावांची माफी मागत जाईन."

सहा दिवस ज्याची भीती होती, ते तिनं आपल्याच तोंडानं दहा जणांपुढे ठेवलं होतं.

डॉक्टर गुडघा टेकून बसले. "चिमटा," ते म्हणाले आणि हात मागे केला. महिपतराव आतला पेला आणायला वळला.

"तो नाही," शरयू म्हणाली.

डब्यातलं पाणी उकळतच होतं. महिपतराव मधेच उभा राहिला, एकदा डॉक्टरांकडे, एकदा डब्याकडे बघत. डॉक्टरांनीच वाकून डब्यातला चिमटा काढून घेतला.

पट्टी सुटली. गॉज अलगद, कोरडं निघालं. चिकटलेलंसुद्धा नव्हतं. खाली बोटभर गुलाबी रेघ आणि पाच टाके, जणू कुणी गोधडीला दोरा घातलाय. डॉक्टरांनी अंगठ्यानं कडा दाबून पाहिली. पुन्हा दाबली. एकेक टाका कापला. बकुळनं पाचही मोजले आणि पाचव्याला म्हणाली, "संपले?"

"संपले," डॉक्टर म्हणाले.

ते लगेच उठले नाहीत. "तो पेला आणा आतला," ते महिपतरावाला म्हणाले. पेला आला. डॉक्टरांनी तो उन्हात धरला, हुंगला, आणि पडवीच्या कडेवर ठेवून दिला. त्यांच्या कपाळावर आठी होती, पण ती आता शरयूसाठी नव्हती.

"मला हे माहीत नव्हतं," ते म्हणाले.

"तुम्ही ऑपरेशनच्या आधी दहा वेळा हात धुता," शरयू म्हणाली. "मी दारातून पाहिलंय. मग आठवडाभर इथं कुणी विचारत नाही. महिपतरावांना येत नाही असं नाही, डॉक्टर. त्यांना उत्तम येतं. ते फक्त विटाळ उकळतात, पू उकळत नाहीत."

"बाई, मला शिकवू नका."

"मग तुम्ही त्यांना शिकवा. आत्ता. माझ्यासमोर."

डॉक्टर लाल झाले. पण खिडकीत बायका होत्या, आणि पेला उन्हात होता. "रॉकेलचं ट्रस्टशी बोलावं लागेल," ते पुटपुटले. "पुढच्या गुरुवारी..."

तेवढ्यात मास्तर आले. न्यायला आले होते. मुरबाडकडे जायची एस.टी. पाऊण तासात होती. त्यांच्या एका हातात बकुळचा नवा फ्रॉक होता, दुसऱ्या हातात सुतळीनं गळे बांधलेल्या रॉकेलच्या दोन बाटल्या. त्यांनी त्या स्टोशेजारी ठेवल्या.

दारात हालचाल झाली. सरस्वती बाहेर आली. एका हातानं पोट धरलेलं, दुसऱ्या काखेत उशी. चार महिन्यांत ती आपण होऊन एवढं चालली नव्हती. ती उंबऱ्यावर थांबली. तिच्या पायांपुढे पडवी होती, चटया होत्या, यमाजी होता, जनाबाई होती. एक पाय उचलला आणि तसाच राहिला.

"सरस्वतीबाय!" महिपतराव कळवळून म्हणाला. "तुमीपन? घरी काय सांगाल?"

"घरी?" ती म्हणाली. "घरी मला कोन ओळखतंय, महिपतराव?"

आणि तिनं पाय पलीकडे टाकला.

जनाबाईनं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग आपली चटई आवळून बाजूला सरकली. "ये. पन तिकडच्या अंगाला बस. आनि तुझा चिमटा..."

"उकळून," सरस्वती म्हणाली.

तिच्यामागे दारात आणखी एक उशी दिसली. मग आणखी एक. पाटलीणबाईंच्या खाटेचा करकर आवाज आतून आला.

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. "शरयू, एस.टी..."

"जाऊ द्या ही," शरयू म्हणाली. बकुळला त्यांच्या मांडीवर देऊन ती स्टोपाशी बसली. "सरस्वतीबाईंचं होऊ द्या. मी बघणार आहे."

डॉक्टर गेले नव्हते. त्यांनी कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि महिपतरावाला नुसती मान हलवून खूण केली. महिपतरावानं पंप मारला. ज्योत आधी पिवळी भडकली, मग निळी होऊन स्थिर झाली. पाण्याला बुडबुडे आले. त्यानं कानावरची विडी काढली, पेटवली, आणि कुणाकडेच न पाहता ओढू लागला.

"पुरी ओढ रे महिपत," जनाबाई म्हणाली. "आर्धीवर इझवशील तं याद राख."